पावसात साइटचा चिखल रस्त्यावर येतो : गेटवर गोण्या रचून का थांबत नाही?

जून ते सप्टेंबर, नाशिकच्या कुठल्याही वाढत्या भागात जा. पाथर्डी फाटा, म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव. जोराची सर येऊन गेली की बांधकामाच्या गेटमधून गढूळ पाणी रस्त्यावर येतं. पावसाळी गटाराचं चेंबर भरतं, दुचाक्या घसरतात, शेजारच्या सोसायटीच्या चेअरमनचा फोन येतो. मग साइटवर नेहमीची धावपळ. जेसीबीने चिखल ओढायचा, टँकर बोलावून रस्ता धुवायचा, गेटवर वाळूच्या गोण्या रचायच्या, कंपाउंडला हिरवी जाळी बांधायची. पुढच्या पावसात परत तेच.

परत तेच होतं, कारण सगळे उपाय पाणी जिथून बाहेर पडतं तिथे केलेले असतात. तिथे पोचेपर्यंत पाण्याला वेग आलेला असतो आणि माती त्यात पुरती कालवली गेलेली असते. आपल्याकडच्या काळ्या मातीचा कण इतका बारीक की एकदा पाण्यात गेला की तो अडवणं जवळपास हाताबाहेरचं काम. त्यामुळे तपास प्लॉटच्या वरच्या कडेपासून सुरू करायचा आणि गेटवर संपवायचा. उलटं नाही.

आधी बाटली भरा

पाऊस चालू असताना किंवा थांबल्या थांबल्या, बाहेर जाणाऱ्या पाण्याची एक लिटरची पारदर्शक बाटली भरा आणि साइट ऑफिसच्या टेबलावर ठेवून द्या. हलवायची नाही. पाच-दहा मिनिटांत तळाशी जाड थर बसला आणि वरचं पाणी बरंचसं नितळलं, तर वाळू, क्रश सँड, मुरूम वाहून येतोय. हा त्रास सोपा आहे, खड्डा आणि बांध घालून सुटतो. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसंच गढूळ दिसलं, तर ती चिकणमाती आहे आणि तिच्यासाठी गेटवर काहीही केलंत तरी फार फरक पडणार नाही.

यामागचा हिशेब साधा आहे. 0.1 मिमीचा वाळूचा कण एक मीटर खाली बसायला सुमारे दोन मिनिटं घेतो. 0.01 मिमीच्या कणाला तीनेक तास लागतात. 0.001 मिमीच्या चिकणमातीच्या कणाला स्थिर पाण्यातसुद्धा बारा-तेरा दिवस. पावसाळ्यात बारा दिवस पाणी धरून ठेवायला जागा कोणाकडे आहे?

रंगही बघा. तांबूस-पिवळट असेल तर भरावाचा मुरूम. गडद तपकिरी, बोटाला चिकटणारं असेल तर खोदकामातली काळी माती. राखाडी असेल तर तो मातीचा प्रश्नच नाही, कुठेतरी काँक्रीट किंवा मिक्सर धुतला जातोय. त्याबद्दल पुढे लिहिलंय. हे तीन रंग ओळखता आले तर निम्मा तपास झाला.

बाहेरचं पाणी आत येतंय का?

हे कोणी बघत नाही आणि बहुतेक वेळा मूळ इथेच सापडतं. पांडवलेणीच्या पायथ्याकडचे किंवा म्हसरूळच्या डोंगराकडचे प्लॉट घ्या. वरच्या बाजूचं शेत, मोकळा प्लॉट, रस्ता, यांचं पाणी उतारावरून सरळ आपल्या खोदकामात येतं. साइटवर पडलेल्या पावसापेक्षा बाहेरून आलेलं पाणी जास्त, अशी स्थिती सहज होते.

आकडा डोळ्यांसमोर ठेवा. एका एकरावर 50 मिमी पाऊस पडला म्हणजे 2 लाख लिटर पाणी. 10 हजार लिटरचे 20 टँकर. वरचं दोन एकराचं रान आपल्या प्लॉटवर उतरत असेल आणि त्यातलं अर्धंच पाणी वाहत आलं, तरी आणखी 20 टँकर आपल्या मोकळ्या मातीवरून जाणार. ते पाणी येताना बऱ्यापैकी स्वच्छ असतं. ते घाण होतं आपल्या हद्दीत आणि नोटीसही आपल्यालाच येते.

उपाय शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल. वरच्या कडेने चर काढायचा आणि निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला बांधासारखी दाबून बसवायची. चराला शंभर फुटाला फूटभर, एवढाच उतार द्यायचा. जास्त उतार दिला तर चरच खचत जातो आणि आपण स्वतः एक नवीन ओघळ तयार करून बसतो. चराचं तोंड जिथे उघडतं तिथे डबराचा, म्हणजे मोठ्या ओबडधोबड दगडांचा थर हवा, नाहीतर पाणी पडेल तिथे खड्डा करेल. शिवाय ते पाणी शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये सोडायचं नाही. मूळ ओहोळ किंवा गटार जिकडे जातं तिकडेच न्यायचं. यावरून भांडणं पोलीस ठाण्यापर्यंत जातात.

पाणलोटाच्या कामात आपल्याला ‘अडवा आणि जिरवा’ अशी सवय लागलेली आहे. शेतात ती बरोबर. खोदकामाच्या कडेला काळ्या मातीत पाणी जिरवलं तर मात्र ती फुगते, कड सुटते आणि बेसमेंटची बाजू ढासळते. खोदकामाच्या वरच्या बाजूला पाणी अडवायचं नसतं, वळवायचं असतं.

आतलंच एक ‘बाहेरचं’ पाणी राहून जातं, ते म्हणजे स्लॅबचं. इमारत चार-पाच मजले वर गेलेली असते, छताचं पाणी खाली आणणारे डाऊन टेक पाइप अजून बसलेले नसतात, आणि 300 चौरस मीटरच्या स्लॅबचं पाणी एका कोपऱ्यातून धबधब्यासारखं ताज्या भरावावर पडतं. 50 मिमी पावसात ते 15 हजार लिटर होतं. खाली जाऊन बघा, पडण्याच्या जागी गुडघाभर खड्डा आणि तिथून गेटपर्यंत ओघळ दिसेल. जाड प्लास्टिकचा लवचिक पाइप बांधून ते पाणी डबरावर किंवा थेट चरात उतरवलं की काम झालं. अर्ध्या दिवसाचं काम, पण ‘प्लंबर आल्यावर बघू’ म्हणून चार महिने राहतं.

उघडी माती किती आहे?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फार पूर्वीच नोंदवून ठेवलंय की बांधकामाच्या जागेवरून वाहून जाणारी माती शेतजमिनीच्या 10 ते 20 पट आणि जंगलाच्या 1,000 ते 2,000 पट असते. जागा वेगळी असली तरी कारण तेच. गवत काढलं, वरचा थर सैल केला आणि थेंबाचा मार सरळ मातीवर बसू दिला. धूप वाहत्या पाण्याने वाढते, पण सुरू होते थेंबाने. थेंब अडवला की अर्धी लढाई तिथेच जिंकता येते.

म्हणून पहिला प्रश्न जाळीचा नाही, नियोजनाचा आहे. ‘पावसाळ्याआधी पाया काढून घेऊ’ म्हणून मे महिन्यात अख्खा प्लॉट एकदम सोलून काढतात. पोकलेन आलेलंच आहे, भाडं सुरू आहे, मग घ्या सगळंच करून. पाया जुलैपर्यंत अडकतो आणि उरलेला उघडा प्लॉट चार महिने वाहत राहतो. माझं स्पष्ट मत आहे की पुढच्या सहा आठवड्यांत ज्या भागावर काम होणार नाही, तिथलं गवत आणि झुडपं हलवूच नयेत. पोकलेनची दुसरी फेरी महाग वाटते, पण गाळ काढणं, भराव पुन्हा करणं आणि खचलेलं कंपाउंड बांधणं यांची बेरीज केली की ती स्वस्त पडते.

जे उघडं झालंच आहे ते झाका. मातीच्या ढिगांवर ताडपत्री, आणि ती घालायची कशी हेही सांगतो, कारण दर साइटवर उलटी घातलेली दिसते. सुरुवात खालून करायची, वरची ताडपत्री खालचीवर फूटभर चढवायची, कौलं चढवतात तशी. कडा गोण्यांनी किंवा जुन्या टायरने दाबायच्या. ढिगाच्या पायथ्याशी मातीच्या गोण्यांची एक ओळ. आणि ढीग रस्त्याकडच्या कंपाउंडला लावून घालायचा नाही. तो तिथे पडतो कारण डंपर भरायला सोपं जातं, आणि तिथून रस्त्यावर यायला मातीला दोन फूटही जावं लागत नाही.

मोठ्या सपाट जागेवर ताडपत्री परवडत नाही. तिथे भाताचा पेंढा. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात तो मिळतो, भिजून काळा पडलेला, जनावरांना न चालणारा पेंढा स्वस्तात मिळतो. एकरी दोन टन हे प्रमाण जगभर चालतं, म्हणजे गुंठ्याला साधारण 45 ते 50 किलो. पसरल्यावर खालची माती जेमतेम दिसली पाहिजे. वाऱ्याने उडू नये म्हणून वरून फावड्याच्या पात्याने जागोजागी मातीत खोचायचा किंवा सुतळी ताणून खुंट्या ठोकायच्या. भाताचं तूस वापरू नका. ते पहिल्या सरीला तरंगत जाऊन चेंबरच्या जाळीवर बसतं. क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायचं जुनं गोणपाटही उतारावर छान काम देतं आणि ते बहुतेक साइटवर एका कोपऱ्यात कुजतच पडलेलं असतं.

भरावाचा उतार वर्षभर तसाच राहणार असेल तर जूनच्या पहिल्या सरीबरोबर हरळी किंवा वाळा लावून टाका. गवत उभं राहीपर्यंत वर पेंढा हवाच.

‘साहेब, जाळी लावलीय की’

मुकादम हे वाक्य म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ कंपाउंडच्या पत्र्याला हिरवी शेडनेट बांधलीय असा असतो. ती नर्सरीची जाळी. सावलीसाठी आणि धुळीसाठी ठीक. तिच्या भोकांतून चिकणमाती तर जातेच, बारीक वाळूही जाते. खालची कड जमिनीपासून चार बोटं वर लोंबत असते, म्हणजे पाणी जाळीला शिवतही नाही.

माती अडवायची जाळी म्हणजे जिओटेक्स्टाइल कापडाचं कुंपण, पाणी जाऊ देणारं आणि माती धरून ठेवणारं जाड कृत्रिम कापड. उताराला आडवं, समपातळीत लावायचं. आधी सहा इंच रुंद, सहा इंच खोल चर, त्यात कापडाची खालची कड सोडायची, माती भरून पायाने दाबायची. खांबांमधलं अंतर सहा फुटांच्या आत, आणि खांब कापडाच्या उताराकडच्या बाजूला, म्हणजे पाण्याचा दाब कापडाला खांबावर ढकलतो. दोन्ही टोकं उताराच्या वरच्या बाजूला वळवायची, नाहीतर पाणी टोकावरून वळसा घालून जातं. शंभर फूट लांबीच्या कुंपणामागे पाव एकराहून जास्त क्षेत्र नको.

लावलेलं कुंपण फसलं असेल तर कसं फसलंय ते बघा, कारण त्यावरून चूक कळते. खालून बीळ पडलं असेल तर चर घेतलेला नाही. टोकापाशी ओघळ असेल तर टोकं वळवलेली नाहीत. मधोमध पोट फुगून खांब वाकले असतील तर मागे क्षेत्र जास्त आहे किंवा गाळ काढलेला नाही. गाळ कापडाच्या निम्म्या उंचीला आला की काढायचा, भरण्याची वाट बघायची नाही. आणि पूर्ण कुंपण झोपलंच असेल तर ते बहुधा ओहोळाच्या आडवं लावलेलं होतं. वाहत्या ओहोळात कापड कधीच टिकत नाही.

ओहोळात दगडच हवा. अनगड दगडांचे बुटके बांध, मध्ये खोलगट आणि दोन्ही काठांना उंच, म्हणजे पाणी मधूनच जातं, काठ कोरत नाही. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत आला की अंतर बरोबर. दगड नसेल तर रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून वनराई बंधाऱ्यासारखी रचना करा, फक्त मधली ओळ एका गोणीने कमी ठेवा.

गाळाचा खड्डा आणि पंप

प्लॉटच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात एक खड्डा. अमेरिकेतल्या परवान्याच्या नियमांत त्याचं माप एकरी 3,600 घनफूट धरलेलं आहे, म्हणजे सुमारे 100 घनमीटर, 10 मीटर लांब, 5 रुंद, 2 खोल. गावठाणातल्या दहा गुंठ्याच्या प्लॉटला त्याच्या चौथाई. पाणी एका टोकाला आत आणि दुसऱ्या टोकाला वरच्या थरातून बाहेर. आत आणि बाहेरची तोंडं जवळजवळ असली तर खड्डा नुसता नावाला राहतो. भोवती बॅरिकेड सक्तीचं. मजुरांची मुलं साइटवर असतात.

हा खड्डा वाळू आणि मुरूम पकडेल, बाटलीत नितळत नसलेली चिकणमाती पकडणार नाही. तिथे तुरटी चालते. आधी बाटलीत चिमूटभर टाकून बघा, मग 10 हजार लिटरला अर्ध्या किलोपासून सुरुवात करा, विरघळवून. सिमेंटचं धुणं मिसळलेल्या पाण्यात तुरटी नीट लागू पडत नाही. आणि तुरटी साठवलेल्या पाण्यातच, वाहत्या गटारात नाही.

बेसमेंटमधला पंप ही वेगळी डोकेदुखी. पंप खड्ड्याच्या तळाला टेकवलेला असतो, म्हणजे तो आधी चिखल ओढतो, मग पाणी. होज सरळ रस्त्यावरच्या चेंबरमध्ये सोडलेली असते, तीही रात्री. 200 लिटरच्या जुन्या ड्रमला सगळीकडून भोकं पाडा, बाहेरून जिओटेक्स्टाइल गुंडाळा, तळात आणि भोवती 20 एमएम खडी टाका आणि पंप ड्रमच्या आत, तळापासून वर टांगा. होज गाळाच्या खड्ड्यात. खोदकाम पक्क्या थराला लागलं की त्याच दिवशी पीसीसी (पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर) टाकून घ्या. तळाला काँक्रीट आलं की पंपाचं पाणी आपोआप स्वच्छ होतं, आणि सेंट्रिंगवाल्यालाही चिखलात उभं राहावं लागत नाही.

गेट आणि टायर

इतकं झाल्यावर गेट. काळ्या मातीत खडी टाकली की ती पंधरा दिवसांत गायब होते आणि मग सगळे खडीवाल्याला शिव्या देतात. माती खडी गिळते. खाली जाड जिओटेक्स्टाइल अंथरून वर 40 ते 80 एमएमचं मोठं मेटल, म्हणजे जाड खडी, कमीत कमी सहा इंच जाड, आणि जमलं तर गेटपासून आत 50 फूट लांब. टायर तेवढ्या अंतरात चार-पाच फेरे फिरतो आणि खाचांमधली माती सुटते. मुरूम टाकू नका, तो स्वतःच चिखल होतो.

गंगापूर रोडसारख्या भागात 50 फूट जागाच नसते. तिथे जुने लोखंडी पाइप किंवा अँगल फूटभर अंतराने आडवे वेल्ड करून त्यावरून गाडी काढायची, खाली जमलेला चिखल रोज उचलायचा. डंपरला पावसात बाहेर काढायचंच नाही, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

रस्त्यावर आलेला चिखल फावड्याने आणि खराट्याने काढा. टँकरने धुऊ नका. धुतलं म्हणजे तो चेंबरमध्ये गेला, तिथून नासर्डीत, तिथून टाकळीच्या संगमावर गोदावरीत. पुढे निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यात पाणी मंदावतं आणि गाळ बसतो. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेलं ते राज्यातलं पहिलं ठिकाण. पावसाळ्यात गोदावरी गढूळ होणारच, ती नेहमीच होत आली, पण सिंहस्थाच्या आधी निम्मं शहर खणलेलं असताना त्यात आपली भर किती, हे आपल्याच हातात आहे.

राखाडी पाणी

याला मातीचा एकही उपाय लागू नाही. ओल्या सिमेंटच्या पाण्याचा सामू (पीएच) 12 च्या आसपास जातो. मासे मरतात, हात फाटतात, आणि चेंबरच्या तळाला जे घट्ट होतं ते ब्रेकरने फोडावं लागतं. ट्रान्झिट मिक्सरचा ड्रायव्हर परतीच्या वाटेवर नाल्याकाठी गाडी उभी करून चूट (काँक्रीट ओतायची पन्हळ) धुतो, कारण साइटवर त्याला कोणी जागा दाखवलेली नसते. नाल्यापासून आणि चेंबरपासून 50 फूट लांब, जाड प्लास्टिक अंथरलेला एक खड्डा करा, पाटी लावा, चलनावर सही करण्याआधी तिथेच धुवायला सांगा. सुकलेलं काँक्रीट फोडून सोलिंगमध्ये, म्हणजे फरशीखालच्या दगडी थरात जातं. रंगाचे ब्रश, पुट्टीच्या बादल्या, टाइल कटिंगचं पाणी, सगळं त्याच खड्ड्यात. जनरेटरखाली ट्रे आणि डिझेलचे कॅन शेडमध्ये, एवढं झालं की तेलाचा तवंग येत नाही.

रस्त्यावरच्या चेंबरची जाळी शेवटी. तिच्याभोवती खडी भरलेल्या गोण्या ठेवा, मातीच्या नाही, आणि एका बाजूला वरून पाणी जाईल अशी फट सोडा. जाळी पूर्ण झाकली तर रस्ता तुंबतो आणि मग लोक रात्री स्वतः येऊन गोण्या फेकून देतात. त्यांचं चुकत नाही.

कोण बघणार?

पाऊस थांबल्यावर 24 तासांच्या आत एक माणूस, वरच्या चरापासून खालच्या चेंबरपर्यंत, फोनवर फोटो काढत. ठरलेला माणूस हवा. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ म्हटलं की कोणीच ठेवत नाही. फोटो नोटिशीच्या उत्तरालाही लागतात. 1974 च्या जल कायद्याचं कलम 24 प्रवाहात घाण सोडायला मनाई करतं, बांधकाम राडारोड्याच्या नियमांत गटार अडू न देण्याची जबाबदारी राडारोडा करणाऱ्यावर आहे, आणि 20 हजार चौरस मीटर बांधकामापासून पुढे पर्यावरण मंजुरी लागते, तिच्या अटी वेगळ्या. बिल्डरने अटींची प्रत साइट इंजिनिअरला दिलेलीच नसते, ती मागून घ्या.

सप्टेंबरमध्ये उघडीप पडली की ताडपत्र्या गुंडाळायची, कुंपण काढायची घाई सुरू होते. नाशिकला गोदावरीचा 2008 चा पूर सप्टेंबरातच आला होता. हस्त नक्षत्र सरेपर्यंत चर, कुंपण आणि खड्डा जागेवर राहू द्या, गाळ मात्र आधीच उपसून ठेवा.